गंगाक्कांचा कच्च्या टाक्याचा पाव

आमच्या इमारतीत दालचिनीचा वास सुटला की लोक मटणाची वाट बघतात. यात लोकांची काही चूक नाही. कोल्हापुरात दालचिनी मसाल्यात जन्माला येते आणि रश्श्यात संपते. ती गोडातही पडते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्यामुळे तळमजल्यावरच्या गंगाक्कांच्या घरातून पहिल्यांदा तो वास वर आला, तेव्हा राजारामपुरीतली आमची अख्खी इमारत गॅलरीत आली. एक तर श्रावणी सोमवार. त्यात गंगाक्का लिंगायत, कपाळाला विभूती लावल्याशिवाय चहाचा घोट न घेणाऱ्या. जिन्यात अंड्याचं टरफल दिसलं तर त्या दिवशी सगळ्यांशी अबोला धरणाऱ्या.

“अक्कांच्यात मटण शिजतंय,” मी बायकोला म्हणालो.

“जिभेला हाड हाय का तुमच्या?” असं म्हणून ती गॅलरीत गेली, दोनदा नाक वर करून वास घेतला आणि अक्कांचं कधीचं राहिलेलं पातेलं परत करायला खाली निघाली. मीही मागोमाग गेलो. श्रावण पाळायला लागून मला बरेच दिवस झाले होते, आणि अशा वेळी माणसाच्या मनात काय काय येतं ते न सांगितलेलं बरं.

खाली अक्का एक गरम डबा परातीत पालथा घालत होत्या. डबा उचलला तर आत तपकिरी, चिकट, टेंगळाटेंगळांचा एक ढीग.

“हे काय, अक्का?”

“पाव.”

“असा?”

“कच्च्या टाक्याचा,” अक्का म्हणाल्या. एवढ्यावरून मला सगळं कळायला हवं होतं असा त्यांचा चेहरा होता.

इथे सांगायला हवं की गंगाक्का शिवणक्लास चालवायच्या. त्या मूळच्या गडहिंग्लजकडच्या, लग्न होऊन कोल्हापुरात आल्या, आणि नवरा गेल्यावर एका मशीनवर त्यांनी मुलाला इंजिनिअर केलं. राजारामपुरीतल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखाली काजं करायला शिकल्या. माझी बायकोही त्यातलीच, म्हणून आजही अक्कांसमोर ती पाठ ताठ करून बसते. डोळ्यांनी दगा दिला तसा क्लास बंद झाला, पण भाषा शिवणाचीच राहिली. पीठ भिजवून ठेवलं की अक्का ते शिवणाच्या टेपनं मोजतात, भांड्यासकट. “अजून अंगात भरायचंय,” म्हणतात आणि परत झाकतात. पीठ घट्ट झालं तर “काखेत काचतंय”. दूध जास्त पडलं तर “माप ढगळ झालं”.

कच्चा टाका म्हणजे मशीनवर घालण्याआधी कापड जागेवर राहावं म्हणून हातानं घालतात तो. धरून ठेवतो, पण ओढला की निघतो. पावाचंही तसंच. मैद्याच्या लहान लहान गोळ्या करायच्या, लोण्यात बुडवायच्या, गूळ आणि कुटलेल्या दालचिनीत घोळवायच्या आणि डब्यात एकावर एक रचून भाजायच्या. भाजता भाजता त्या एकमेकींना चिकटतात. मग सगळ्यांनी भोवती बसून हातानं एकेक तोडून खायची.

“ओढल्या ओढल्या सुटली तर टाका चुकला,” अक्कांनी आम्हाला पहिल्याच दिवशी समजावलं. “आणि सुटलीच न्हाई तर ती पक्की शिलाई झाली. जरा धरायला पायजे, मग सोडायला पायजे. ओढा की. बघताय काय?”

मी ओढली. जरा धरलं, मग सुटली, मागे गुळाची लांब तार. तोंडात टाकली आणि मटणाचं दुःख विसरलो. अगदी पूर्ण नाही, पण बरंचसं.

ही विद्या अक्कांना नातीनं शिकवली. मुलगा बसवराज, म्हणजे बसू, बंगळुरात कंपनीत आहे. त्यानं एका दिवाळीला आईला विजेची भट्टी पाठवली. अक्कांनी वर्षभर तिच्यात ब्लाऊजची अस्तरं ठेवली, कारण “दार घट्ट लागतंय, उंदीर जात न्हाई”. सुट्टीत आलेल्या नातीनं अस्तरं बाहेर काढली, मोबाइलवर एक व्हिडिओ लावला आणि आजीला कामाला लावून परत गेली. नात गेली, पाव राहिला.

पावाचे नियम कडक आहेत. सुरी लावायची नाही. ताटली घ्यायची नाही. सगळ्यांची पहिली गोळी झाल्याशिवाय कुणी दुसरीला हात घालायचा नाही. आणि डबा भरून न्यायचा नाही, मग मागणारा कोणीही असो. “इथं बसून तोडायचं. पाव माझा, चहा तुमचा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे संध्याकाळी पाच वाजता आमच्या जिन्यातून माणसं आपापल्या चहाचे कप सांभाळत खाली उतरताना दिसतात. बाहेरच्या माणसाला वाटावं, भूकंप झालाय आणि लोकांनी फक्त चहा वाचवलाय.

निमित्त कोणतंही चालतं. पाण्याची टाकी धुतली, पाव. लिफ्ट सुरू झाली, पाव. लिफ्ट पुन्हा बंद पडली, “जिनं चढून दमलासा असशीला”, पाव. पहिल्या मजल्यावरच्या चौगुलेंचा मुलगा दोन विषय राखून पास झाला तेव्हाही पाव, आणि चौगुले नको नको म्हणत असताना अक्कांनी त्याला परातीसमोर मानाच्या जागेवर बसवलं. माझी अक्कलदाढ काढली त्या दिवशी माझ्याच नावानं पाव झाला. सगळी इमारत माझ्यासमोर खात होती आणि मी गालाला बर्फ लावून आभार मानत होतो.

या सगळ्यामागे एक कारण होतं, आणि ते अक्कांनी कधी लपवलंही नाही. बसू दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा आणि एकच गोष्ट म्हणायचा: “अव्वा, एकटी काय करतीस तिथं? चल इकडं.” त्याला कोल्हापूरचं घर विकून आईला बंगळुराला न्यायचं होतं. अक्कांना जायचं नव्हतं. “तिथं सगळं हाय ओ,” त्या मला म्हणायच्या. “बसायला सोफा हाय, बघायला टीव्ही हाय. पण दार उघडून हाळी कुणाला मारू? आणि हा पाव काय एकटीसाठी होतोय?”

म्हणून कॉलच्या वेळेला पाव ठरलेला. अक्का मोबाइल शिवणयंत्राला टेकवून उभा करायच्या, परातीभोवतीची गर्दी त्यात नीट दिसते ना ते बघायच्या आणि म्हणायच्या, “बघ. ही तुझी एकटी आई.” आम्हाला हात हलवायची सक्ती होती. मी एकदा गोळी चावण्यात गुंग होतो तर मागून दटावणी आली, “हसा की जरा, पाटील! बसू बघायलाय.” बसू बिचारा हसायचा, मलाही “काका, कसे आहात” विचारायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच: चल इकडं. अक्का पुन्हा तेच: न्हाई म्हटलं की न्हाई. हे इतकं ठरलेलं झालं होतं की बसूचं म्हणणं आणि अक्कांचं न्हाई ऐकल्याशिवाय आम्हाला रविवार संपल्यासारखा वाटायचा नाही.

मग गेल्या थंडीत बसूनं कळवलं की तो स्वतः येतोय. घराला गिऱ्हाईक बघितलंय, समोरासमोर बसून काय ते एकदाचं ठरवू.

अक्कांनी दोन डब्यांचा मैदा काढला. पण बसूला मिळालेली सुट्टी नेमकी चौगुलेंच्या मुलीच्या लग्नाच्या रविवारची. लग्न इचलकरंजीला. अख्खी इमारत निघाली. बायको म्हणाली, “अक्का, आम्ही दोघं-चौघं मागं राहतो.” अक्कांनी ते उडवून लावलं. “लोकाच्या पोरीचं लग्न हाय, जावा की! माझ्या पावाला काय हुतंय?” मी राहिलो तो प्रेमानं नव्हे. आदल्या दिवशी बंद लिफ्टच्या कृपेनं जिन्यात माझा पाय मुरगळला होता.

तर त्या रविवारी अक्कांच्या घरात गर्दी म्हणून मी एकटा, पाय स्टुलावर ठेवून. समोर बसू. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं ते ऐकू यावं इतकी शांतता.

“अव्वा,” बसू हळूच म्हणाला, “बाकीचे कुठायत?”

भट्टीत पाव फुलत होता. अक्का उठल्या, रस्त्यावरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, पुढचं दार सताड उघडलं, आणि आतून टेबलफॅन आणून भट्टीच्या मागे ठेवला, तोंड खिडकीकडे करून.

“उकडतंय,” त्या म्हणाल्या. बसूच्या अंगात स्वेटर होता.

पंखा फिरला आणि दालचिनी रस्त्यावर गेली. थोड्याच वेळात दारात खाकी शर्टातला एक रिक्षावाला आला. आधी त्यानं आत नाक घातलं, मग डोकं.

“मावशी, मटणाची खानावळ काढलासा व्हय?”

“न्हाई, पाव हाय. या की पावणं, बसा.”

रिक्षावाल्याचा चेहरा पडला, पण परात समोर आली तसा तो खाली मांडी घालून बसला. गोळी तोंडात टाकली, जरा थांबला, आणि उठून दारातून ओरडला, “ए, या रे! मटण न्हाई, पण या!” स्टँडवरचे आणखी दोघं आले. समोरच्या क्लासमधून सुटलेल्या पोरी आल्या. दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेले एक गाल सुजलेले गृहस्थ आले. त्यांना काही खाता येत नव्हतं, पण वास घेऊन त्यांना बरं वाटत होतं. त्यांची अवस्था मला ठाऊक असल्यानं मी सरकून त्यांना जागा दिली. नियम सगळ्यांना लागू झाले. “ओ, पोरींची पहिली झाली न्हाई अजून, हात काढा!” अक्कांचा आवाज असा चढला होता की चेहरे नवे आहेत हे कुणाच्या लक्षातच येऊ नये. बसूची खुर्ची कधी गेली ते त्यालाही कळलं नाही. तो मशीनला टेकून उभा होता, जिथं एरवी तो मोबाइलमध्ये दिसतो तिथं.

“तुम्ही नेहमी येता?” त्यानं रिक्षावाल्याला विचारलं.

रिक्षावाल्यानं अक्कांकडे पाहिलं. तोंड भरलेलं होतं. “म्हंजे काय? घरचंच हाय की हे.”

त्या माणसाचं नाव मला अजून माहीत नाही, पण त्याच्या रिक्षाचं मीटर मी कधीच बघणार नाही.

सगळे गेल्यावर बसूनं बॅग उचलली. आईच्या पाया पडला आणि म्हणाला, “अव्वा, तुझं खरं आहे. तुझं सगळं इथंच आहे. त्या गिऱ्हाइकाला मी नको म्हणून कळवतो. आता तुला कधी चल म्हणून त्रास देणार नाही.” अगदी मनापासून म्हणाला. अक्का दारापर्यंत गेल्या आणि त्याची गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या.

“अक्का, जिंकलासा!” मी म्हणालो. मला वाटलं, आता निदान दुसरा डबा भट्टीत जाईल.

अक्का ओट्याशी उभ्या राहून डब्याला लागलेला गूळ उलथन्यानं खरवडत होत्या.

“पाटील, आज पाव लई लवकर सुटला.”

“छान झाला होता की.”

“न्हाई. टाका चुकला माझा.” त्यांनी डबा फिरवून दुसरी बाजू खरवडायला घेतली. मग माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, “अजून एकदा म्हणायचं होतं की ओ त्यानं. चल अव्वा म्हणून. मी न्हाईच म्हटलं असतं. पण म्हणायचं तरी होतं.”

इतके रविवार मी त्या मोबाइलपुढे हात हलवले, आणि त्या कॉलमध्ये अक्का कशाची वाट बघतात ते मला कळलं नव्हतं. त्यांनी डबा विसळून पालथा घातला आणि दिवा लावायला आत गेल्या. त्यांना स्वतःला एकही गोळी मिळाली नव्हती, हे मला वर आल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी बसूला फोन केला. अक्कांना कळलं तर माझा पाव कायमचा बंद होईल हे माहीत असूनही केला. म्हटलं, कालची ती माणसं आम्हीसुद्धा पहिल्यांदाच बघितली. मटणाच्या वासानं आली होती. बसू इतका हसला की पलीकडे त्याला ठसका लागला. मग मी अक्का डबा खरवडताना काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यावर तो हसला नाही. “बरं, काका” एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी पाव नव्हता. अक्का म्हणाल्या, कंटाळा आलाय. इमारत पाच वाजता सवयीनं चहाचे कप घेऊन जिन्यात आली आणि परत गेली. मी मात्र लंगडत खाली उतरलो आणि उगाच त्यांच्या दाराशी पायरीवर टेकलो. आत मोबाइल वाजला. आधी अक्कांचा आवाज बारीक होता, जेवलास का, पोरीला खोकला होता तो गेला का. मग बसूचा आवाज आला.

“अव्वा, मी जरा विचार केला. ते काही नाही. तू चल इकडं.”

अक्कांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला, “न्हाई म्हटलं की न्हाई! कितींदा सांगायचं रे तुला? कान हाईत का काय?”

“चल की गं, अव्वा.”

“न्हाई! सांगितलं न्हवं? आणि थांब, फोन ठेवू नगंस, पाटील आल्यात बघ दारात.” अक्का बाहेर आल्या. चेहरा नुसता फुलला होता. “ओ पाटील, बसलासा काय पायरीवर? वर हाळी मारा सगळ्यांना. म्हणावं, चहा घेऊन या, मी पीठ भिजवतीय.” आणि वळून पुन्हा फोनकडे, खोट्या रागानं, “हं, काय म्हणत हुतास? परत म्हण.”

बसूनं परत म्हटलं. अक्का परत नाही म्हणाल्या.