बेनीचं जड संगीत

बेनी कुणाच्याही घरात शिरला की नमस्कार करायच्या आधी टाळी वाजवायचा. एकच, पण खणखणीत. मग मान तिरकी करून ती टाळी भिंतींना आपटून परत कशी येते ते ऐकायचा आणि त्यानंतर चपला काढायचा. आमच्या घरी तो पहिल्यांदा आला तेव्हा माझी आई देवघरात होती. तिला वाटलं आरती सुरू झाली. ती घंटा वाजवायला लागली. बँकेत मॅनेजरच्या केबिनमध्ये त्याने टाळी वाजवली तर शिपाई चहा घेऊन आला. एकदा तर त्याने मयताच्या घरी वाजवली. सगळे बघायला लागले, तसा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "खोली चांगली हाय रे वसंता. रडणं भरून येतंय."

या माणसाचा मला हेवा वाटायचा. उगीच आडपडदा कशाला? रोह्यात संगीत कळणारा माणूस म्हणून लोकांनी माझ्याकडे बोट दाखवावं अशी माझी रास्त अपेक्षा होती. मी हायस्कूलमध्ये संगीत शिक्षक. दर गणपतीत माझे भावगीतांचे कार्यक्रम. मुंबईला जाऊन काढलेली एक कॅसेटसुद्धा माझ्या नावावर होती. तिच्या बऱ्याचशा प्रती अजून माळ्यावर आहेत. आणि लोक बोट दाखवायचे ते माझ्या शेजारच्या घराकडे.

बेनीचं खरं नाव बेंजामिन. रोह्यात बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली होती, त्यातलं एक त्याचं. पूर्वी त्यांचा तेलाचा घाणा होता. भाऊ, बहिणी, काका एकेक करून इस्रायलला गेले. आई होती तोवर बेनीच्या घरात निदान भांड्यांचा आवाज असायचा. ती गेल्यावर तो, रिकामं घर, घाण्याची जाड भिंतींची खोली आणि मागची विहीर, एवढंच राहिलं. दिवसा तो कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. शिफ्ट संपली की घाण्याच्या खोलीत शिरायचा. तिथे त्याने रेकॉर्डिंग स्टुडिओ थाटला होता. भिंतींना काथ्याच्या गाद्या, कोपऱ्यात तुसाने भरलेली पोती, आणि टेबलावर त्याने स्वतः जोडलेलं बटणांचं एक प्रचंड धूड. भिंतींत तेल इतकं मुरलं होतं की तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कॅसेटला खोबरेलाचा वास यायचा.

आणि त्या कॅसेटींत काय असायचं? हेवी मेटल. बेनी त्याला 'जड संगीत' म्हणायचा.

"तुझं सुगम, माझं जड," असं तो चारचौघांत सांगायचा, जणू आम्ही एकाच दुकानातले दोन काउंटर. 'गोड नको, जड पाहिजे' हे त्याचं पालुपद होतं. माझ्या बायकोला, सुनंदाला, तो आमटीच्या बाबतीतसुद्धा हेच सांगायचा. आणि जी बाई मला मीठ मागितलं तर 'उठून घ्या' म्हणते, ती त्याच्यासाठी खास घट्ट आमटी काढून ठेवायची.

या सगळ्याची सुरुवात पेणच्या कॉलेजच्या गॅदरिंगला झाली, माझ्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी आधी माझी भावगीतं होती आणि मग मुंबईहून आलेल्या, लांब केस वाढवलेल्या चार पोरांचा बँड. लाउडस्पीकर बेनीचा. माझ्या गाण्याच्या वेळी त्याने सगळं व्यवस्थित ठेवलं होतं, तक्रारीला जागा नव्हती. पण ती पोरं उभी राहिली आणि बेनीच्या अंगात आलं. मुंबईचे साऊंडवाले मीटरचा काटा लालमध्ये गेला की घाबरून आवाज खाली आणतात. याने काटा लालमध्ये नेऊन तिथेच बसवला. मंडपाचे बांबू थरथरायला लागले. प्राचार्यांच्या हातातल्या कपातली कॉफी बशीत उतरली. कार्यक्रम संपल्यावर त्या पोरांनी बेनीला खांद्यावर घेतलं. मी कडेला माझ्या हार्मोनियमचा भाता बांधत उभा होतो.

तेव्हापासून मुंबईची पोरं रोह्याला यायला लागली. काळे कपडे, कमरेला साखळ्या, पाठीवर गिटार. मुंबईत असला दंगा कोण करू देतो? आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीने पहिल्यांदा त्यांना पाहिलं आणि सुनंदाला विचारलं, "कोनाच्या गो ह्या पोरी? कुंकू नाय, बांगडी नाय!" त्यांच्या एका बँडचं नाव मराठीत 'गंजलेली कवटी' असं काहीसं होत होतं. पण बेनीसमोर ती कवटी शाळकरी पोरासारखी उभी राहायची. ड्रमवाल्याला तो तासन्तास एकाच ठिकाणी बडवायला लावायचा. "अजून हलका वाटतोय. जेवला नायस काय?" असं म्हणून त्याला खरंच आमच्याकडे जेवायला पाठवायचा.

त्याचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे विहीर. आवाजाला घुमारा हवा म्हणून त्याने खोलीतला आवाज स्पीकरने विहिरीत सोडला आणि बादलीत माईक ठेवून तो पाण्याच्या वर लटकवला. भरदुपारी हा माणूस कानाला हेडफोन लावून रहाट फिरवतोय हे दृश्य बघायला लोक कुंपणापाशी जमायचे. त्यातल्याच एका रेकॉर्डिंगमध्ये विहिरीतला बेडूक ओरडला. बेनीने तो काढला नाही. "बरोबर तालात आलाय. त्याला कसा काढू?"

ती कॅसेट कुठून कशी फिरत गेली देव जाणे, पण एके दिवशी कोलाडच्या नाक्यावर एक गोरा, साडेसहा फुटी जर्मन बसमधून उतरला आणि 'बेनी, बेनी' करत रोह्यापर्यंत आला. निम्मा बाजार त्याला घेऊन आमच्या गल्लीत शिरला. तो तिकडच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस होता. त्याला एकच प्रश्न पडला होता: तिसऱ्या गाण्यात जे वाद्य वाजतं ते कोणतं? बेनीने त्याला विहिरीपाशी नेऊन वाकून आत दाखवलं. जर्मन बराच वेळ वाकून बघत राहिला आणि मग त्याने बेनीला मिठी मारली.

मी खिडकीतून पाहत होतो. आयुष्यभर पहाटे उठून सा लावला मी, आणि रोह्यातून जर्मनीला पहिला पोचला बेडूक.

पुढे सारखे फोन. नाक्यावरच्या एसटीडी बूथवाला अन्वर धावत यायचा, "बेनीशेट, जर्मनी!" शेवटी ठरलं. तिकडच्या एका मोठ्या स्टुडिओत जाऊन बेनीने एक आख्खं ध्वनिमुद्रण करायचं. गावात सत्कार समिती स्थापन झाली आणि संगीतातला माणूस म्हणून अध्यक्ष मला केलं. दुसऱ्याच्या भाग्याला हार घालायचं काम किती अवघड असतं ते अध्यक्षालाच माहीत. भाषणात मी 'आमचा बेनी' असं पुन्हा पुन्हा म्हणालो. प्रत्येक वेळी दाढ दुखल्यासारखं झालं.

भाषणानंतर मी गायला बसलो. अंतऱ्यात वर जाताना आवाज चिरकला. पाहतो तर सत्कारमूर्ती खुर्चीत नव्हताच. गळ्यातला हार काढून तो ॲम्प्लिफायरपाशी उकिडवा बसला होता आणि बटणं फिरवत होता. कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "वसंता, तुझ्या आवाजात कायतरी फाटलंय. माईकचं नाय ते. डॉक्टरला दाखव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या सत्कारातसुद्धा याला माझ्या आवाजाची खोड काढायची होती! घरी आल्यावर मी सुनंदाला सांगितलं, "जळतो तो माझ्यावर." तिने गुळण्यांसाठी पाणी तापत ठेवलं.

बेनी जर्मनीला गेला आणि थोड्याच दिवसांत माझा आवाज बसला. काढे झाले, ज्येष्ठमध झाला, पण तो उठेना. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली, पण डॉक्टर म्हणाले, "आता अजिबात बोलायचं नाही. आवाज कसा येईल ते नंतर कळेल. गाण्याचं आत्ता काहीच सांगता येणार नाही."

मी शाळेतली पाटी गळ्यात अडकवून घरी बसलो. लोक भेटायला यायचे. माझी चौकशी अर्ध्या वाक्यात उरकायचे आणि मग बेनी. बेनीने म्हणे तिकडे काचेच्या स्टुडिओतही टाळी वाजवली. बेनीला म्हणे तिकडे ठेवूनच घेणार आहेत. ज्याचा हेवा वाटतो त्याची स्तुती ऐकायची आणि वर 'असेल' एवढंही म्हणता येऊ नये, याच्यासारखी शिक्षा नाही. जवळच्या वरसे गावाहून आलेल्या माझ्या मेहुण्याने बेनीचं फारच पुराण लावलं, तेव्हा मी पाटीवर मोठ्या अक्षरांत 'बेडूक' असं लिहून त्याच्यासमोर धरलं. त्याला वाटलं औषधाचा परिणाम.

मनातून मात्र मी पार घाबरलो होतो. सकाळी जाग आली की हात तंबोऱ्याकडे जायचा आणि परत यायचा. गाणं गेलं तर माझ्यापाशी काय उरणार होतं?

एका संध्याकाळी अन्वर आला. "सर, जर्मनी. तुम्हाला बोलावतायत." मी आणि सुनंदा बूथवर गेलो. तिने सगळं सांगितलं आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"वसंता? वहिनी बोलल्या मला. तू नको बोलू. मी हाय हितं."

पुढे तो काहीच बोलला नाही. काचा फुटेपर्यंत आवाज वाढवणारा माणूस, आणि तिकडून त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. मागून एखादी गाडी गेल्याचा आवाज आला. मीही उभा. अन्वर घड्याळाकडे पाहायला लागला. बऱ्याच वेळाने बेनी म्हणाला, "बरं, ठेवतो," आणि फोन ठेवला.

जर्मनीत राहून रोह्यात गप्प बसायचं, ही चैन यालाच सुचणार, असं मी परत येताना पाटीवर लिहिलं. सुनंदाने पदराने पुसून टाकलं.

डॉक्टरांनी हळूहळू बोलायची परवानगी दिली. मग एकदा घाबरत घाबरत सा लावला. खरबरीत होता, पण होता. सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली.

तेवढ्यात बेनी परत आला. काम पुरं करून आला होता, पण तिकडचे लोक कायमचं राहा म्हणत असताना नाही म्हणून आला होता. गाव हळहळलं. मला राग आला. जे मिळावं म्हणून मी रांगत गेलो असतो, ते हा माणूस तिथेच टाकून परत येतो?

"रविवारी सकाळी ये," तो कुंपणावरून म्हणाला. "वहिनींना आण. मलिदा हाय. नवस फेडायचाय."

जर्मनीचा नवस असणार. मी ठरवलं, खायचं, तोंड बंद ठेवायचं आणि घरी यायचं.

रविवारी त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत पांढरी चादर अंथरली होती. मधोमध मोठ्या थाळ्यात मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, आणि भोवतीने केळी, खजूर, सफरचंदं. आख्ख्या गल्लीला पुरेल एवढा केला होता. बसायला मात्र पेणहून आलेले दोन म्हातारे, त्यांच्या बायका आणि बेनी. बस.

"आईच्या वेळेला या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची," तो म्हणाला. "प्रार्थनेला दहा पुरुष लागतात खरं तर. आम्ही तिघं. पण आमचा प्रेषित, एलियाहू हन्नाबी, काय मोजत बसत नाय."

दोघांतले थोरले, मोझेसकाका, टोपी नीट करत म्हणाले, "नवस कोनाचा रे?"

बेनीने माझ्याकडे बोट केलं. "याचा. याच्या गळ्याचा."

मी सुनंदाकडे पाहिलं. तिला माहीत असावं असं वाटलं.

"माझा?" मी विचारलं. "तू कधी बोललास नवस?"

"फोन ठेवला तवा. तिकडं सगळं होतं रे. पण कुनाला सांगनार, की रोह्यात माझ्या शेजाऱ्याचा आवाज गेलाय?"

"आणि तिकडची नोकरी?"

"मलिदा खायला मानसं लागतात. तिकडं कुठं शोधू?"

"अरे, पण माझं एक तरी गाणं आवडतं का तुला?"

"नाय," बेनी लगेच म्हणाला. मग केळ्यांचा घड उगाचच इकडचा तिकडे केला. "आवडायचा काय संबंध? आई गेल्यावर पहिल्या दिवशी उठलो तर घर इतकं गप्प, की वाटलं मीच मेलो. मग भिंतीपलीकडून तुझा सा आला. म्हटलं, चला, दिवस सुरू झालाय. तेव्हापासून त्याच्यावरच उठतो. तिकडं गजर लावून उठायचो. सवय झाली नाय."

मोझेसकाकांनी प्रार्थना सुरू केली. आवाज पिकलेला, दुसऱ्या काकांचा त्याहून बारीक, दोघी म्हाताऱ्यांचा तर नुसता ओठांत. मध्येच श्वास संपायचा आणि चाल तुटायची. बेनी मान खाली घालून म्हणत होता. आवाज वाढवण्यात ज्याची हयात गेली, त्याला तिथे फिरवायला बटण नव्हतं. तुटलेल्या एका जागी त्याने मला कोपराने ढोसलं. "धर की सूर."

मला शब्द येत नव्हते. मी नुसता सूर धरला, हळू, खालच्या पट्टीत. गळा थरथरला, पण टिकला. त्या सुराच्या आधाराने म्हाताऱ्यांचे आवाज एकेक करून वर आले आणि शेवटपर्यंत गेले.

प्रार्थना संपल्यावर बेने इस्रायली लोक एकमेकांचा हात दोन्ही हातांत घेतात आणि मग आपली बोटं ओठांना लावतात. म्हाताऱ्यांनी आपसांत तसं केलं. मग बेनी माझ्यासमोर बसला. तारा सोलून सोलून राठ झालेल्या दोन्ही हातांत त्याने माझा हात घेतला आणि स्वतःची बोटं ओठांशी नेली. तिथे ती जरा वेळ तशीच राहिली. मग तो उठला आणि सुनंदाला म्हणाला, "वहिनी, वाढा. खूप केलाय."