दोन ग्राउंड, एक सोसायटी

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. गच्चीवरची टाकी आणि तळघरातला पंप एकमेकांशी बोलतात. टाकी म्हणते, "रिकामी झाले." पंप म्हणतो, "आलोच."

चंदीगडला लागून असलेल्या एयरोसिटीतल्या एका सोसायटीत हे बोलणं एका लांब तारेवरून चाले. पण मोटर सुरू झाली की त्याच तारेतून विजेचा झटका वर जाई आणि टाकीजवळचं निरोप पाठवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळे. मग टाकी कोरडीच राही. मे महिना होता. सर्वांत वरच्या मजल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या लतिकामावशी होत्या, आणि त्यांना टँकरचं पाणी नेऊन देणारी शेजारची दहा वर्षांची इरा.

इराचे बाबा शिशिर इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनीअर. त्यांनी समितीला सांगितलं, "आयसोलेटेड ट्रान्सीव्हर बसवू. नखाएवढी चिप. निरोप पलीकडे जातो, झटका जात नाही." बंद काचेपलीकडून आईचं रागावणं कळतं पण धपाटा पोचत नाही, तसंच हे.

समितीने निवडीचं काम गांभीर्याने हाती घेतलं.

"सगळ्यात वेगवान कोणती?" अध्यक्ष नरेशकाकांनी विचारलं. ते हवाई दलातून निवृत्त झालेले.

"काका, टाकी दिवसातून दोनदा भरते. वेग काय करायचा? झटका किती सोसते आणि उन्हात टिकते का, ते बघू."

"म्हणजे शेजारच्या सोसायटीपेक्षा हळू? शोभतं का यार!"

सचिव मधुरिमाजी म्हणाल्या, "और कलर लॉबी से मैच होना चाहिए." चिप काळीच मिळते हे कळल्यावर त्यांनी आपली नाराजी इतिवृत्तात नोंदवली.

सर्वांत वेगवान चिप आली. मग नरेशकाकांनी तारांच्या जोडणीचा नकाशा पाहिला. त्यात पंपाकडे आणि टाकीकडे वेगवेगळं 'ग्राउंड', म्हणजे विजेची परतीची वाट, दाखवलं होतं.

"शिशिर, हे काय? इकडे एक ग्राउंड, तिकडे दुसरं?"

"ती वेगळीच ठेवायची असतात, काका. त्यासाठीच तर चिप घेतली."

"एका सोसायटीत दोन ग्राउंड? उद्या लोक दोन अध्यक्ष मागतील!"

दोन्ही ग्राउंड जाड लाल तारेने जोडावीत, असा ठराव एकमताने मंजूर झाला. शिशिरचं मत विरोधी असल्यामुळे ते एकमतात धरलं नाही.

नारळ फुटला, मोटर सुरू झाली, झटका लाल तारेवरून वर गेला आणि कार्ड जळलं. चौकशीत निष्कर्ष निघाला: चिप सुखरूप आहे, म्हणजे निवड अचूक होती. पेढे वाटले. लतिकामावशींकडे पेढा पोचला, पाणी नाही.

शिशिरने नवं कार्ड बसवलं. इराने विचारलं, "पापा, ये लाल वायर हटा दें तो?"

"बाळा, ठराव झालाय ना."

"तो आप मेन स्विच ऑफ करो बस."

शिशिरने मेन स्विच बंद केला आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इराने स्क्रू सैल करून तार काढली. शिशिरने स्विच पुन्हा चालू केला आणि थोड्या वेळाने लतिकामावशींच्या नळाला खळखळून पाणी आलं. त्यांनी चमचा वाजवून सगळा जिना जागा केला.

आता ठराव मोडल्याबद्दल इराला नोटीस देणं समितीला अवघड झालं. म्हणून तिला बालसदस्य केलं. चकचकीत बिल्ला दिला, खुर्चीही दिली.

पहिल्याच दिवशी छोटा अनिकेत धावत आला. "दीदी, झूले की रस्सी टूट रही है! अभी बाँध दें?"

तुम्हाला वाटतं, ती लगेच उठली असेल? तुमच्यापैकी जे वर्गाचे मॉनिटर झालेत, त्यांनी जरा खरं सांगा.

इराने बिल्ला सरळ केला, खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "अगली मीटिंग में देखते हैं."