अडगळीच्या खोलीतलं प्रशिक्षण

अपंग मुलांच्या अडचणी समजायला पुस्तकं लागत नाहीत, अनुभव लागतो, असं मुख्याध्यापकांचं ठाम मत होतं. हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की त्यांनी ते बायकोला तीनदा ऐकवलं. तिनेही तीनदा "बरं" म्हटलं.

त्यांच्या शाळेत सातवीतल्या एका मुलीला अजिबात दिसत नव्हतं. ब्रेलची पुस्तकं मागून मागून बिचारी थकली. वार्षिक परीक्षा आठ दिवसांवर आली तरी मैत्रिणीने मोठ्याने वाचायचं आणि हिने ऐकून पाठ करायचं, असाच सगळा कारभार! त्यात मैत्रिणीला विज्ञानाचा कंटाळा, म्हणून विज्ञान तिसऱ्या धड्यावरच अडलेलं. दर सोमवारी मुलगी विचारी, "सर, आली का?" आणि सर म्हणत, "वरून आलीच नाहीत गं. आली की आधी तुलाच!"

पुस्तकांचा पत्ता नव्हता, पण अधिकारी बाई मात्र वरून आल्या. शिक्षकांना खास प्रशिक्षण कसं देतात, ते त्यांना पाहायचं होतं.

"सगळ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून अर्धा तास शाळाभर हिंडायचं!" मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं. "आणि कोणी कितीही ओरडलं तरी मदत करायची नाही. ओरडणं हा अनुभवाचाच भाग आहे!" शिपायाला वेगळी ताकीद मिळाली. "रिकाम्या खोलीचं दार उघडं दिसलं की बाहेरून कडी घाल. कोणी भलतीकडे धडपडायला नको."

"सर, मी येऊ?" मुलीने दारातून विचारलं.

"तू कशाला? हे शिक्षकांसाठी आहे. बाकावर बस."

सगळ्यांत आधी पट्टी बांधली मुख्याध्यापकांनी आणि सगळ्यांत आधी हरवलेही तेच. खांब समजून त्यांनी चित्रकलेच्या मास्तरांना मिठी मारली, माफी मागितली ती खांबाची, आणि भिंत चाचपत एका दारातून आत शिरले. मागून शिपाई आला. त्याने इमानेइतबारे दार ओढलं आणि कडी घातली.

मुख्याध्यापकांनी पट्टी काढली. काही फरक पडला नाही! अडगळीच्या खोलीला खिडकी नव्हती आणि दिव्याचं बटण बाहेर होतं.

"अरे, दार उघडा!"

बाहेर टाळ्या पडल्या.

"मी खरंच अडकलोय हो! जीव गुदमरतोय!"

"वा! किती समरस झालेत!" अधिकारी बाईंनी वहीत लिहून घेतलं. शिपाई तर कडीपाशी छाती काढून उभाच राहिला. सरांचा हुकूम म्हणजे हुकूम! शेवटी पट्ट्या बांधलेले शिक्षक एकमेकांना धडकत अंगणाकडे गेले आणि त्यांना बघायला बाई आणि शिपाईही गेले. मुख्याध्यापकांना अगदी रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "सर, तुम्ही खरंच घाबरलात ना?"

"हो गं बाई! पण तुला कसं कळलं?"

"नाटक करणारा माणूस मधे थांबून टाळ्या ऐकतो. तुम्ही थांबला नाहीत. हाताला काय लागतंय?"

"खोकी! एक फुटलंय, आत पुस्तकं आहेत. शी! कागदावर पुरळ उठल्यासारखं काहीतरी आहे. बुरशी धरली वाटतं!"

मुलगी दाराच्या अगदी जवळ आली.

"सर, ते पुरळ ओळीत आहे का?"

"ओळीत? हो. अगदी ओळीत आहे!"

"मग येताना एक घेऊन या," मुलगी म्हणाली आणि तिने कडी काढली.

घामाने निथळलेल्या मुख्याध्यापकांच्या हातातलं पुस्तक तिने तिथेच उघडलं. पानावरून बोटं फिरली. "विज्ञान!" ती ओरडली. "सातवीचं!" तिचा आवाज ऐकून सगळे धडपडत आले. अधिकारी बाईंनी दिवा लावला आणि खोक्यावर चिकटवलेली पावती मोठ्याने वाचली. "'सातवीची ब्रेल पुस्तकं मिळाली. स्वतः पाहून ताब्यात घेतली.' तारीख अकरा महिन्यांपूर्वीची. आणि खाली सही..."

सही कोणाची ते सांगायची गरज पडली नाही. शिक्षकांनी एकेक करून पट्ट्या सोडल्या आणि सगळे मुख्याध्यापकांकडे बघू लागले.

"सर," मुलीने अगदी साधेपणाने विचारलं, "तेव्हाही तुम्ही पट्टी बांधली होती का?"

"नाही गं," मुख्याध्यापक पुटपुटले. "तेव्हा चष्मा होता."