घुबडापुढची रांग

"बाबा, तुम्ही फक्त फिरायचं. काही करायचं नाही," असं म्हणत सुनेने आपला कॉम्प्युटर सासऱ्यांपुढे सरकवला. इतकं अवघड काम नोटीसअण्णांना उभ्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णा महापालिकेच्या धोकादायक इमारती विभागात निरीक्षक होते; पडक्या इमारतींना नोटिशी लावून लावूनच त्यांना हे नाव पडलं होतं. निवृत्त झाले तरी मान वर करून छत न्याहाळल्याशिवाय ते कुठल्याही दारातून आत शिरत नसत. मुलाच्या लग्नात वधूवर हार घालत असताना ते व्यासपीठ किती वजन पेलेल हे वाकून तपासत होते. त्यामुळे सगळ्या फोटोंत त्यांची फक्त पाठ आली.

सून गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. तिने जादूचं जंगल उभं केलं होतं. त्यात बोलणारी झाडं, तुटके पूल, पडके राजवाडे आणि मधोमध एक जुनापुराणा मनोरा होता. आज चाचणी होती. शेकडो लोक आपापल्या घरी बसून जंगलात उतरणार होते आणि ते मनोऱ्यापर्यंत पोचतात का, हे कंपनीचे साहेब पाहणार होते.

"लोक मनोऱ्यात शिरले नाहीत तर जंगल बंद, आणि मीही घरी," सून म्हणाली. "ज्याने कधीच गेम खेळला नाही त्याला वाट सापडते का, हे मला बघायचंय. म्हणून तुम्ही. आणि मनोऱ्याच्या माथ्यावर तुमच्यासाठी एक गंमत ठेवलीय. वर नक्की जा."

"मी जाऊ का?" कोपऱ्यात मटार सोलणाऱ्या अण्णांच्या बायकोने विचारलं.

"तुला नाही जमायचं," अण्णा म्हणाले आणि चष्मा पुसून जंगलात उतरले. सून मीटिंगसाठी आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

पहिल्याच वळणावर पूल लागला. त्याचे अर्धे दगड हवेत तरंगत होते. अण्णा पडद्याजवळ वाकले.

"अगं, याला आधारच नाही!"

"जादूचा असेल," बायको म्हणाली.

"असेल! पण जादू तपासली कुणी? उद्या उतरली म्हणजे?"

घाईघाईत सुनेने त्यांना स्वतःच्याच खात्यातून आत सोडलं होतं. बांधकाम अपुरं असलेल्या जागी फलक लावायची आणि ती जागा बंद करायची सोय त्या खात्यात होती. पडद्याच्या कोपऱ्यात अण्णांना एक लाल बटण दिसलं. त्यावर 'बंद' असं लिहिलं होतं. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांचा हात शिवशिवला. 'सदर पूल धोकादायक असून वापरास सक्त मनाई आहे,' असं टंकून त्यांनी बटण दाबलं. पुलावर सोनेरी अक्षरांचा फलक झळकला आणि मागून धावत आलेला एक तलवारबाज अदृश्य भिंतीवर नाक आपटून खाली बसला.

"वाचला बिचारा," अण्णा म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलं. दोघंही खालच्या ओढ्यातून पलीकडे गेले.

मग अण्णा थांबलेच नाहीत. बुडालेल्या राजवाड्यात ओल होती, तो बंद केला. तरंगत्या किल्ल्याला पायाच नव्हता, तोही बंद केला. एका गुहेत ड्रॅगन राहत होता. तिथे आग विझवायची काहीच व्यवस्था नाही, असा शेरा मारून त्यांनी ड्रॅगनला आत ठेवूनच गुहा बंद केली. शेवटी मनोरा आला. जिन्याला कठडा नव्हता. वरची गंमत त्यांच्या मनात डोकावली, नाही असं नाही. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. त्यांनी मनोऱ्यालाही फलक लावला आणि खाली ठरलेलं वाक्य जोडलं, 'परवानगीखेरीज आत जाऊ नये.'

त्या एका वाक्याने घात केला. परवानगी लागते म्हणजे ती देणारा कुणीतरी असणार, असा खेळणाऱ्यांनी हिशेब केला. शोधाशोध करता करता मनोऱ्यापुढच्या वाळक्या फांदीवर त्यांना एक घुबड सापडलं. सुनेने ते शोभेपुरतं बसवलं होतं. जवळ गेलं की ते डोळे मिटून एवढंच म्हणायचं, "थांब, पथिका. योग्य वेळी ये."

हे ऐकून लोकांची खात्रीच पटली, हेच ते कार्यालय.

बघता बघता घुबडापुढे रांग लागली. राक्षसांना लोळवणारे योद्धे ढाली पाठीला लावून मुकाट उभे राहिले. मध्येच घुसलेल्या एका मांत्रिकाला बाकीच्यांनी कॉलर धरून मागे नेलं. एकाने दगडावर बैठक मारून इतरांचे अर्ज लिहून द्यायला सुरुवात केली, दुसरा जादूच्या सफरचंदांच्या बदल्यात रांगेतली जागा विकू लागला, आणि घुबड आपल्या आतेभावाच्या ओळखीतलं असल्याचं तिसरा हळूच सगळ्यांच्या कानात सांगत होता.

एवढ्यात आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातल्या फोनमधून साहेब ओरडत होते, "सकाळपासून एक माणूस मनोऱ्यात गेला नाही! ड्रॅगनला भेटायला काळं कुत्रं फिरकलं नाही! काय बांधलंयस काय तू?"

सुनेने पडद्यावरची सोनेरी अक्षरं पाहिली आणि मटकन खुर्चीत बसली. "बाबा, मी म्हटलं होतं, काही करू नका."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अण्णांना एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने रात्रंदिवस खपून उभारलेलं जंगल त्यांनी एका बैठकीत सील केलं होतं. ते फोनपुढे वाकले.

"साहेब, चूक माझी आहे. सूनबाईंची नाही. मी सासरा बोलतोय. फलक मी लावले. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा."

पलीकडे कळफलकाची टकटक झाली. नंतर साहेबांचा आवाज आला, पण तो एकदम लोण्यासारखा मऊ झाला होता.

"एक मिनिट. आत्ता इथे आकडे आलेत. एरवी लोक अर्ध्या तासात कंटाळून गेम बंद करतात. आज एकही उठलेला नाही. सगळे रांगेत आहेत. काही जण तर जेवायलाही उठले नाहीत, नंबर जाईल म्हणून."

"पण ते खेळत कुठे आहेत?" सुनेने विचारलं.

"नुसते उभे आहेत! आणि परवानगी कधी मिळेल याची चर्चा करताहेत. एकानेही तक्रार केलेली नाही. हेच ठेवायचं. फलक ठेवा, रांग ठेवा. ड्रॅगन काढलात तरी चालेल. आणि हे सासरे जरा घुबडाला आवाज देतील का?"

सासऱ्यांनी दिला. इतकं मन लावून त्यांनी कचेरीतही काम केलं नव्हतं. "आज नाही, उद्या या," "साहेब जागेवर नाहीत," "ओळखीवर इथे कामं होत नाहीत," ही वाक्यं त्यांनी न वाचता, एका दमात म्हटली. सुनेला बढती मिळाली. गेम बाजारात येताच घराघरांत गाजला. दिवसभर खऱ्या कचेऱ्यांत रांगा लावून आलेली माणसं संध्याकाळी हातपाय धुऊन घुबडापुढे उभी राहू लागली.

एका रविवारी सून म्हणाली, "बाबा, माथ्यावरची गंमत तुम्ही पाहिलीच नाहीत."

अण्णांना चुटपुट लागली. ते साध्या खात्यातून, साधा पथिक होऊन जंगलात उतरले आणि रांगेत उभे राहिले. दुपार कलली तेव्हा कुठे त्यांचा नंबर लागला.

"आज नाही, उद्या या," घुबड अण्णांच्याच आवाजात म्हणालं.

"अरे, हा फलक मीच लावलाय!"

"ओळखीवर इथे कामं होत नाहीत."

"मग साहेबांना बोलाव!"

"साहेब जागेवर नाहीत."

आपला आवाज समोरून इतका निर्विकार ऐकू येतो, हे अण्णांना माहीतच नव्हतं. एवढ्यात मागच्या सोफ्यावरून बायकोचं हसू ऐकू आलं. तिच्या मांडीवर टॅबलेट होता.

"अहो, वर बघा. मी हात करतेय."

अण्णांनी पडद्यावर पाहिलं. मनोऱ्याच्या माथ्यावर हिरव्या झग्यातली एक बाई हात हलवत होती.

"तू? तुला परवानगी कुणी दिली?"

"कुणी नाही. मागच्या भिंतीला भगदाड आहे, तिथून आले. मी रोज येते."

"रोज?"

"माझ्यासारख्या खूप जणी येतात. तुम्ही पाहणी नेहमी पुढच्या दारानेच करता ना! तुमच्या नोटिशी लागलेल्या इमारतींत लोक कुठून जायचे, असं वाटत होतं तुम्हाला?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न अण्णांना कधी पडलाच नव्हता.

"आणि... गंमत काय आहे वर?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाकडं आहे एक. दोघांपुरतं. समोर सगळं जंगल दिसतं, पार तळ्यापर्यंत. पोरीने त्यावर तुमचं-माझं नाव कोरलंय." तिने हिरव्या झग्यातल्या बाईला बाकड्यावर बसवलं. "तुमची बाजू रिकामीच आहे अजून."

अण्णांनी एकवार घुबडाकडे पाहिलं आणि रांग सोडली. मनोऱ्याला वळसा घालून ते भगदाडापाशी आले. सवयीने मान वर गेली. भगदाडावर एक भलामोठा दगड निव्वळ वेलीच्या आधाराने लटकला होता.

"अगं, हे फार धोका..."

"काय म्हणालात?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "आलोच." आणि डोकं वाकवून ते आत शिरले.