सातपूरच्या सरकलेल्या खाचा

खंडेराव स्वतःची ओळख करून देताना 'तपासनीस' हा शब्द जरा खालच्या आवाजात म्हणत आणि 'गुप्तहेर' हा वरच्या. पगार मात्र पहिल्या शब्दाचाच मिळे. सातपूरच्या कारखान्यात आपण नुसती मालाची मापं तपासत नाही, नियतीने आपल्याला गुन्हेगार हुडकायला धाडलंय, असं त्यांचं ठाम मत होतं. मदतनीस केरू हे मत रोज ऐकून घेई, कारण त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला आणि खंडेरावांना मनाजोगतं प्रकरण मिळालं. खाचा कापायचं काम एकट्या सावळीरामकडे होतं, आणि त्याने मिलिंग मशीनवर कापलेल्या सगळ्या प्लेटांमधल्या खाचा जागेवरून सरकलेल्या निघाल्या. खाचा मोजायला नवं विलायती मशीन होतं. त्याची बारीक काडी टोकावरच्या लाल माणकाच्या गोळीने खाचेच्या दोन्ही भिंतींना शिवे आणि कॉम्प्युटर खाचेचा मध्य नेमका कुठे पडला ते सांगे. आता प्रत्येक प्लेटला तो एकच सांगत होता, की माल बाद. खाचा अरुंदही दाखवत होता, पण ते खंडेरावांना किरकोळ वाटलं.

मॅनेजरने सावळीरामला घरी बसवायचं ठरवलं. "साहेब, माझ्या हातून नाय झालं," एवढंच तो हरसूलचा माणूस बोलला. केरूला ते पटेना. रोज दुपारी तो सावळीरामच्याच डब्यातली चटणी खाई.

"गुन्हेगार याच खोलीत आहे," खंडेराव म्हणाले. मशीनच्या त्या खोलीत ते आणि केरू दोघेच होते, त्यामुळे केरू चपापला.

पहिला संशय त्र्यंबक रोडवरच्या ट्रकांवर गेला. त्यांच्या हादऱ्याने खाचा सरकतात म्हणे. लोखंडातली खाच सरकेल कशी, असं केरूने विचारलं, तर तेच शोधायचंय असं उत्तर मिळालं. मग सॉफ्टवेअरला खोलीतली थंडी बाधत असणार असं ठरलं आणि केरूला कॉम्प्युटरवर शाल पांघरावी लागली. शेवटी सावळीराम छुपा डावरा आहे असा शोध लागला. खंडेरावांनी त्याला जेवताना खांबाआडून न्याहाळलं. तो उजव्या हाताने जेवला.

"बघितलंस, किती सराईत आहे?" खंडेराव कुजबुजले.

या साऱ्या गडबडीत रोज सकाळी गोळी पुसून मशीन पारखायचा नियम मात्र राहूनच जात होता.

तेवढ्यात टायपिस्ट लताबाई सावळीरामला काढायच्या पत्रावर खंडेरावांची सही घ्यायला आल्या. पाठोपाठ मॅनेजरही आला. खंडेराव पेन शोधेपर्यंत लताबाईंनी त्या लाल मण्याला सहज बोट लावून पाहिलं. बोट लाल झालं. सवयीने त्यांनी ते कपाळाला टेकवलं.

"याला कुंकू कशाला लावलंय हो?" त्यांनी विचारलं.

केरूने रुमाल काढून गोळी पुसली. लाल माणकाच्या एका अंगाला लाल कुंकवाचा थर वाळून बसला होता. त्याने प्लेट पुन्हा मोजली. खाच जागेवर आली होती, रुंदीही बरोबर होती. केरूला इतका आनंद झाला की पत्र त्यानेच फाडलं, आणि मॅनेजरने तुकडे टोपलीत टाकले.

"खंडेनवमीला या मशीनची पूजा कोणी केली?" मॅनेजरने विचारलं.

बाकीच्यांनी मशीनच्या अंगावर कुंकवाची बोटं टेकवून भागवलं होतं. राबणाऱ्या टोकालाच पहिला मान, असं म्हणत ताम्हन हिसकावून घेणारा एकच माणूस होता. सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

खंडेराव खाकरले. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले, "गुन्हेगार याच खोलीत आहे."

हे मात्र केरूला मान्य करावंच लागलं.