आण्णांचा चेक कुणी घेईना

कोथिंबिरीची एक जुडी घेऊन त्यासाठी चेक फाडायला निघालेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय, आणि तोही माझ्या दारात. भाजीवालीनं पाटी आमच्या ओट्यावर टेकवलेली, आणि शेजारचे कचरूआण्णा कोपरीच्या खिशातून चेकबुक काढून तिला विचारताहेत, "नाव काय टाकू, बाई?" ती आधी हसली, मग घाबरली आणि शेवटी जुडी फुकट देऊन चालती झाली. आण्णा चेकबुक हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत तिच्या मागे गेले. "अगं, आधी नावं वाच, मग बोल."

हे त्यांचं पेटंट वाक्य. आधी नावं वाचा, मग बोला.

आण्णा पुंडलिकनगरात आले ते दुष्काळाच्या दुसऱ्या साली. त्याआधीचा सगळा जन्म दौलताबादकडच्या माळावर मेंढरांच्या मागं गेलेला. चारा संपला तेव्हा कळप विकला. शहर पसरत पसरत माळापर्यंत पोचलं तेव्हा माळही विकला, आणि आमच्या शेजारचं दोन खोल्यांचं घर घेतलं. वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांच्या सखुबाई गेल्या. मुलगी जालन्याला दिलेली. एकटा माणूस, पण स्वस्थ बसेल तर शपथ. सकाळी सातलाच पटका बांधून तयार, आणि रोज नवी मोहीम: आज कोण चेक घेतो ते बघू.

कुणीच घेत नसे. किराणावाल्यानं भिंतीवरच्या 'आज रोख, उद्या उधार' या पाटीकडे बोट दाखवलं. जालना रोडवरच्या चकचकीत दुकानातल्या मुलीनं सांगितलं की, आमच्या मशीनमध्ये चेकचं बटणच नाही. टँकरवाला तर सरळ म्हणाला, "आण्णा, पंपावर चेकनं डिझेल भेटत नाय." दर वेळी आण्णा पासबुक उघडून समोर धरत. "पैसा हाय का नाय, बघा की." पैसा होता, सगळ्यांना दिसत होता. तरी उत्तर तेच, नाय.

मी शाळेत गणित शिकवते. ज्याचं उत्तर बरोबर आहे त्याला शून्य मिळालेलं मला खपत नाही. त्यामुळे आण्णांचा हा लढा हळूहळू माझाच झाला.

त्या उन्हाळ्यात नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. अख्ख्या गल्लीच्या गच्च्यांवर काळ्या टाक्या चढल्या, आणि आण्णांकडे मात्र दोन घागरी आणि एक गळका ड्रम. पुढच्या पाण्याच्या आत टाकी हवीच होती. "घेणार तर चेकनंच," आण्णा म्हणाले. आम्ही रिक्षा करून शहागंजातलं टाक्यांचं दुकान गाठलं.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं चेक हातात घेतला, चष्मा लावला, वरची छापील नावं मोठ्यानं वाचली. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यानं चेक परत केला. "चचा, आपके पैसे पे शक नहीं. पर हा कागद बँकेत जाणार उद्या, वटणार परवा-तेरवा, मधे इतवार. तोपर्यंत टाकी तुमच्या गच्चीवर. मधेच तुम्ही बँकेला सांगितलं, याला पैसे देऊ नका, तर मी काय करू?"

"म्या असं कशापायी सांगीन?"

"तुम्ही नाही सांगणार. गेल्या साली एकानं सांगितलं. आणि ही सही बघा. पासबुकातल्या सहीत 'क'चं पोट लहान आहे, इथं फुगलंय. बँक एवढ्यावरून पण परत पाठवते. खात्यात असेल पैसा, माझ्या गल्ल्यात कुठं आहे?"

खरं सांगते, गणिताच्या बाईला त्याचं गणित पटलं. आण्णांना नाही. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून दुकानदाराच्या हातावर टाकलं आणि आत हात घालून त्याची बोटं धरली. "आमच्या बाजारात असं रुमालाखाली बोटं दाबली की सौदा झाला. मेंढरं घरी नेली, पैसा दिवाळीला दिला. कुनी पलटला नाय. चेक म्हंजे कागदाचा रुमालच की." दुकानदाराला आपल्या बोटांचं काय चाललंय ते कळेना. गिऱ्हाईकं हसायला लागली. आण्णाही हसले आणि चेक नीट घडी करून खिशात ठेवला. हरलेला माणूस इतका खूश कसा, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण मला चेव आला होता. शाळेतल्या एका मुलीच्या वडिलांचं टाक्यांचं दुकान आहे हे मला रिक्षात बसता बसता आठवलं. रिक्षा तिकडेच वळवली. त्यांना म्हटलं, यांचा चेक घ्या, मी शेजारीण आहे, जबाबदारी माझी. ते म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दापुढं काय. द्या, आण्णा."

जिंकलो. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आण्णांनी नवा चेक लिहिला, 'क'चं पोट बेतानं ठेवलं. दुकानदारानं तो घेतला आणि न बघताच ड्रॉवरमध्ये टाकला.

"नावं वाचा की," आण्णा म्हणाले.

"वाचायचं काय त्यात? बाईंचा शब्द आहे."

आण्णांचा चेहरा पडला. ते पुढे होऊन ड्रॉवरपाशी आले. मग म्हणाले, "द्या तो हिकडं." चेक परत घेतला, कोपरीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या आणि रोख पैसे देऊन टाकी घेतली. रोख. म्हणजे इतके दिवस खिशात पैसे होते आणि मी उन्हात यांच्यासाठी भांडत होते.

टाकी टेम्पोत चढली, मी रिक्षात चढले आणि तोंड सोडलं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग चेक उलगडून माझ्या मांडीवर ठेवला.

"पुस्तकातला शेवटचा हाय. बँकेचा सायेब म्हनला, हे पुस्तक संपलं की नव्यावर तुमच्या एकट्याचं नाव. मास्तरीणबाई, आमच्या लग्नाला पत्रिका नव्हती. तिचं नाव उभ्या जन्मात कुठं छापून आलं नाय, हितं सोडून. घरात आता त्ये नाव घ्याया कोन हाय? दुकानदार नाय म्हनतो, पर नाय म्हनायच्या आधी वाचतो तर."

मला लाज वाटली आणि रडू आलं, दोन्ही एकदम. मी चेक हातात घेतला आणि वर्गात हजेरी घेते तसा आवाज लावून वाचलं, "कचरू. सखुबाई."

रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. आण्णांनी डोळे मिटले होते.

"तिचं आनखी एकडाव वाचा," ते म्हणाले.

पुंडलिकनगर येईपर्यंत मी वाचत होते.