ठकूबाईच्या ढोलीची नवी खिडकी

एका जंगलात एक नवरा-बायको भांडत होते. भांडण दुपारीच सुरू झालं होतं आणि आपण पोचतोय ती सांजवेळ. तेव्हा बाळांनो, मधे बोलू नका. मागचं काय ते मी सांगते.

"साधी काच घ्यावी की रंगीत?" नवरा म्हणत होता.

"अहो, चिखल आणा," बायको म्हणत होती.

"चिखलाचं नंतर. आधी काचेचं बोल."

नवरा म्हणजे हैबतराव धनेश. केवढी तरी पिवळी चोच आणि चोचीवर शिंगासारखा टोप. त्या टोपाचा त्यांना एवढा अभिमान की झोपेतसुद्धा मान ताठ. बायको ठकूबाई. ती सावरीच्या झाडाच्या ढोलीत अंड्यांवर बसली होती.

धनेश पक्ष्यांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. अंडी घालायची वेळ झाली की मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चिखल नराने आणायचा, लिंपायचं मादीने. चोचीपुरती एक फट तेवढी ठेवायची. त्या फटीतून नर तिला उंबरं भरवतो. आत बसल्या बसल्या तिच्या पंखांची पिसं गळतात. पिल्लं मोठी होईपर्यंत तिला उडता येत नाही. तिचा सगळा जीव दोन गोष्टींवर, फटीवर आणि नवऱ्यावर. त्यातली फट भरवशाची असते.

ठकूबाईची फट तर नमुनेदार होती. उंबर आत येई, वारा आत येई, पंजा येत नसे. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. लिंपून, खरवडून, पुन्हा लिंपून तिचं तिनेच ते बसवलं होतं.

पण हैबतरावांना फट आवडत नसे. ते बाहेर राहत, त्यामुळे त्यांना घराचं तोंडच दिसे.

"भिंत तडकल्यासारखी वाटते," ते म्हणत. "येणारे-जाणारे बघतात."

म्हणून ते गेले वानराच्या दुकानात. तिथे नाना तऱ्हेच्या खिडक्या होत्या. सरकत्या, झडपांच्या, दुहेरी काचेच्या, मच्छरदाणीसारखी जाळी लावलेल्या. वानराने त्यांना बसायला फांदी दिली, पुढ्यात उंबरं ठेवली.

"गवंडी कशाला हवा?" वानर म्हणाला. "स्वतः बसवा. हल्ली चांगल्या घरचे सगळे स्वतःच बसवतात. माप काय?"

"चोचभर."

"टोप धरून की टोप सोडून?"

टोपाची अशी चौकशी आजवर कोणी केली नव्हती. हैबतराव फुलले.

"टोप धरून."

"मग जुन्या फटीत बसायची नाही. आधी जुनं पाडा. दाराचा गाळा मोकळा झाला की नीट माप घ्या. मग सावकाश निवडा."

हैबतराव घरी आले. "अगं, जरा मागे सरक," म्हणाले, आणि चोचीने सगळं लिंपण पाडून टाकलं. काम चोख केलं, तेवढं म्हणायला हवं. एक ढेकूळ शिल्लक ठेवलं नाही. मग ते सावकाश निवडायला बसले.

दिवसभर त्यांनी खेपा घातल्या. चोचीतून काचांचे तुकडे आणले, चौकटीचे नमुने आणले. उंबर आणायला चोच रिकामी नव्हती.

इथवरचं झालं. आता पुढे ऐका.

"सरकती घेतली तर खाचेत मुंग्या होतात," हैबतराव म्हणाले. "बाहेर उघडणारी घेतली तर माझ्या टोपाला लागते. आत उघडणारी घेतली तर..."

"अंड्यांना लागते."

"बरोबर. बघ, लक्ष घातलंस की तुला सुचतं."

"माझं लक्ष अंधाराकडे आहे. चिखल आणा, मी लिंपते. खिडकी उद्या निवडा, परवा निवडा."

"घाईने घेतलेली खिडकी जन्मभर डोळ्यांपुढे राहते गं."

"तुमच्या. माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही असता."

तेवढ्यात समोरच्या फांदीवर उदाजी आला. उदाजी म्हणजे उदमांजर. नुकताच झोपून उठला होता आणि मिशा चाटत होता. मिशा कोरड्याच होत्या. चाटायची त्याला सवय होती.

हैबतराव खूश झाले.

"या उदाजीराव, तुम्हीच सांगा हिला. तुम्ही चार घरं पाहिलेला माणूस."

"पाहिली खरी," उदाजी नम्रपणे म्हणाला. "या रानात मी आतून पाहिली नाही अशी ढोली नसेल."

"ऐकलंस?"

"ऐकलं," ठकूबाई म्हणाली. "एकदा गेलेल्या घरी यांना पुन्हा कोणी बोलावलं का, ते विचारा."

हैबतरावांनी विचारलं. ते सरळ मनाचे होते.

"नाही बोलावलं," उदाजी म्हणाला. "मी गेलो की ती घरं रिकामीच होतात. हल्ली कोणी एका जागी राहत नाही."

तो उडी मारून सावरीवर आला आणि गाळ्याकडे बघत राहिला. बराच वेळ बघितलं. ठकूबाईने चोच दाराकडे केली.

"काच नको," तो म्हणाला. "कोंदट होतं. जाळी नको, नजर अडते. असंच मोकळं ठेवा. बाळंतिणीला हवा लागते."

"मला वाटलंच होतं," हैबतराव म्हणाले. "पण हिला पटेना."

"फक्त खालचा काठ थोडा तासा. टेकायला बरा पडेल."

"कोणाला?" ठकूबाईने विचारलं.

"तुम्हालाच, वहिनी. कोपर टेकून बाहेर बघत बसाल."

"मला कोपर नाही."

"काठ झाला की सवय होईल."

हैबतराव काठ तासायला लागले. भुसा आत उडत होता, अंड्यांवर पडत होता. उदाजी आणखी एक फांदी खाली आला. आता तो हैबतरावांच्या अगदी शेजारी होता. काम नीट दिसावं म्हणून, असं तो म्हणाला.

आणि तेव्हाच ठकूबाईच्या पोटाखाली टकटक झाली. एका अंड्याला आतून चोच लागली होती.

पंखात पीस नाही, पुढे दार नाही. ओरडावं, तर दुपारपासून ओरडतेच आहे, हैबतराव त्याला भांडणातलंच धरणार. हात जोडावेत, तर बायको ऐकायला लागली म्हणून ते आणखी एक नमुना आणणार. तिने नवऱ्याकडे पाहिलं. वानराच्या दुकानातल्या पाहुणचाराचा लाल रस अजून त्यांच्या चोचीला होता. पोट टम्म दिसत होतं. मग तिने उदाजीकडे पाहिलं. उपाशी कोण आणि भरलेला कोण, याचा हिशेब तिथे तिच्याशिवाय कोणी केलेला दिसत नव्हता.

ती आवाज न चढवता एक वाक्य बोलली. ते ऐकून उदाजीने गाळ्यावरची नजर काढली आणि हैबतरावांना मानेपासून शेपटीपर्यंत न्याहाळलं, दुकानात वस्तू न्याहाळावी तसं. हैबतराव जे उडाले ते ओढ्यावर गेले आणि चोचभर चिखल घेऊन आले. पुन्हा गेले, पुन्हा आणला. उदाजी त्यांच्या मागे या फांदीवरून त्या फांदीवर हिंडत राहिला, तोवर आत ठकूबाईने लिंपण पुरं केलं. फट आधीपेक्षाही अरुंद ठेवली. खिडकीचं नाव हैबतरावांनी पुन्हा काढलं नाही.

ती एवढंच म्हणाली होती, "भाऊजी, आत नुसती अंडी आणि दिवसभराची उपाशी मी, आमच्यात तुमचं काय भागणार, त्यापेक्षा हे बघा, उंबरं खाऊन कसे गुबगुबीत झालेत, आणि यांच्याभोवती तर भिंतसुद्धा नाही."

तात्पर्य: घराची खिडकी कशी असावी हे चोराला अवश्य विचारावं. आपल्या घरात त्याचा जीव जेवढा अडकलेला असतो, तेवढा घरधन्याचाही नसतो.